युसूफ वडगावचा आकडा

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. एकदा तोंड उघडलं होतं. पण तिनं भाकरी थापता थापता "काय?" असं विचारलं आणि मी म्हणालो, "काही नाही, पाणी दे." त्याला आता तीन गळीत हंगाम होऊन गेले. तुम्हाला सांगतोय ते जवळचे म्हणून, की तुम्ही मला ओळखत नाही म्हणून? मला कळत नाही. खरं तर या सगळ्या प्रकरणात मला कळत नाही असंच फार आहे. जे कळतं ते थोडं आहे, आणि तेच सांगवत नाही.

मी बीड जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभागात आहे. विभाग म्हणजे मी, एक सर्व्हर, आणि सर्व्हरसाठी बसवलेला एसी. कारखान्याची गावोगाव गट ऑफिसं आहेत — युसूफ वडगाव, घाटनांदूर, धारूर, अशी सात. तिथला क्लार्क शेतकऱ्यांच्या उसाची नोंद करतो: कुणाचा, किती एकर, कोणत्या तारखेला लावला. या तारखेवर सगळं चालतं. ज्यानं आधी लावला त्याच्या रानात तोडणीची टोळी आधी जाते. महिनाभर मागं पडलात तर उसाला तुरा येतो, वजन घटतं, आणि माणूस कारखान्याच्या गेटवर येऊन आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. त्यात त्याचं चुकतंय असं मला कधी वाटलं नाही.

ही नोंद करायला क्लार्क आपल्या ऑफिसातून, साध्या ब्राउझरमधून, आमच्या मुख्य ऑफिसचा कॉम्प्युटर उघडतात. पडदा त्यांच्यासमोर, मशीन माझ्या खोलीत. आधी नाव आणि पासवर्ड टाकला की काम भागायचं. पासवर्ड मीच दिलेले — गावाचं नाव आणि पुढं एक-दोन-तीन. हसू नका. मग कुठल्याशा दुसऱ्या कारखान्याचा सर्व्हर कुणीतरी बाहेरून कुलूपबंद केल्याची बातमी आली, आमचे साहेब लोक घाबरले, आणि मला हुकूम झाला की दुसरं कुलूप लावा. म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरच्या ॲपमध्ये येणारे सहा आकडेही टाकायचे. ते दर तीस सेकंदांनी बदलतात. ज्याचं खातं, त्याच्याच मोबाइलवर आकडे. सगळी गंमत या एका वाक्यात आहे — ज्याचं खातं, त्याच्याच मोबाइलवर.

सातही क्लार्कना मी एका दिवशी बोलावलं. धारूरच्याकडं बटणांचा मोबाइल. घाटनांदूरच्याच्या मोबाइलमध्ये सुप्रभातची इतकी फुलं साठलेली, की ॲपला जागाच नाही. एकाचा मोबाइल बायकोकडं, आणि बायको रानात. रांगेत सगळ्यात शेवटी शिवलिंगअप्पा होते, युसूफ वडगावचे. त्यांच्याकडं मोबाइल होता, नवा कोरा, लेकीनं घेऊन दिलेला, वरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. त्यांनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. पण तोवर दुपारचा दीड वाजलेला, मला भूक लागलेली, आणि आधीच्या सहाही जणांची खाती वैतागून मी माझ्याच मोबाइलवर जोडून टाकलेली. म्हणालो, "राहू द्या अप्पा, तुमचंही माझ्याकडंच ठेवतो. सकाळी एक फोन करत जा."

त्यांनी मोबाइल परत खिशात ठेवला. जरा हिरमुसले, असं मला आठवतं. की ते मी नंतर जोडलं?

असे सात गावांचे आकडे माझ्या खिशात आले. रोज सकाळी फोन सुरू — "सायब, घाटनांदूर." "सायब, धारूरचा आकडा सांगा, लवकर." मी दात घासताना सांगायचो, गाडीवर सांगायचो, मयतीत बाजूला होऊन सांगायचो. बायको म्हणायची, शेजारच्यांना वाटेल हा मटका चालवतो. मी वरवर कुरकुर करायचो, पण खोटं कशाला बोलू — मला ते आवडायचं. माझ्याशिवाय सात ऑफिसांचा दिवस उजाडत नाही, ही गोष्ट मला फार आवडायची. अप्पांचा फोन मात्र वेगळा असायचा. ते आधी विचारायचे, "आईचा गुडघा काय म्हणतोय?" मग आकडा. माझ्या आईचा गुडघा माझ्यापेक्षा त्यांच्याच जास्त ध्यानात असायचा.

अप्पांबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. पंचावन्नच्या पुढचे, कपाळाला भस्म, भावाचं गावातच किराणा दुकान. शेतकऱ्यानं तोंडानं सांगितलेली तारीख त्यांनी कधी लिहिली नाही. स्वतः रानात जायचे, उसात शिरायचे, कांड्या मोजून उसाचं वय काढायचे, आणि मग तारीख लिहायचे. सख्ख्या मेहुण्याची तारीख त्यांनी अशीच बावीस दिवस पुढं ढकलली होती. त्या दिवाळीला मेहुणा आला नाही. अप्पा म्हणाले, "येईल पुढल्या दिवाळीला. ऊस काय खोटं बोलतो व्हय?"

आता त्या दुपारचं. आमच्या नात्यातल्या पोरीचा धारूरला साखरपुडा होता. डीजे इतका मोठ्यानं लावलेला, की ग्लासातलं पाणी हलत होतं. फोन वाजला. नंबर सेव्ह केलेला नव्हता. कुणीतरी म्हणालं, "युसूफ वडगावचा आकडा सांगा." मी ॲप उघडलं आणि सहा आकडे सांगितले. फोन बंद. जेवण चालू.

आवाज कुणाचा होता? मला माहीत नाही. पुरुषाचा होता. अप्पांचा वाटला का? मला काहीच वाटलं नाही, हे खरं उत्तर आहे. गुडघ्याचं विचारलं नाही, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. आलं होतं का? कधी वाटतं, आलं होतं आणि मी जिलेबी उचलली. कधी वाटतं, हे सगळं मी नंतर रचलं.

पुढं टोळ्या सुटल्या आणि युसूफ वडगावात आरडाओरडा झाला. ज्यांचा ऊस मागून लावलेला, त्यांच्या रानात कोयते आधी पोचले. अकरा शेतांच्या तारखा कुणीतरी अप्पांच्या खात्यातून महिना महिना मागं नेलेल्या. मेंढरं राखून चार पैसे जमवलेल्या एका घरानं पहिल्यांदाच ऊस लावला होता. त्या घरची म्हातारी तुरे आलेली मोळी डोक्यावर घेऊन थेट मुख्य ऑफिसात आली आणि शेतकी अधिकाऱ्यांच्या टेबलावर तिनं ती आपटली. "कावून असं केलं? आमी काय वाकडं केलतं तुमचं?" एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. चौकशी लागली.

चौकशीच्या दोन दिवस आधी मी गाडी काढून युसूफ वडगावला गेलो आणि अप्पांचं खातं त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर जोडून दिलं. तीन वर्षं मी स्वतःला सांगत आलोय, की ते योग्यच होतं. नियमच तसा होता ना? ज्याचं खातं, त्याच्याच मोबाइलवर. चुकीची गोष्ट सुधारली, यात वाईट काय? अप्पा तर हरखले. दुकानात गल्ल्यावर बसलेल्या भावाला हाक मारून त्यांनी पळते आकडे दाखवले. मला चहा, वर पेढा. निघताना मी म्हणालो, "अप्पा, आधी हे माझ्याकडं होतं ते कुठं बोलू नका. मला बोलणी बसतील." त्यांनी छातीला हात लावला. "आमच्या तोंडून न्हाई जायचं, सायब."

आणि नाहीच गेलं.

चौकशीत शेतकी अधिकाऱ्यांनी मला विचारलं, हे सहा आकडे टाकल्याशिवाय आत शिरता येतं का? मी म्हणालो, नाही साहेब. खरंच होतं ते. मग त्यांनी अप्पांना विचारलं, आकडे कुठं येतात? अप्पांनी खिशातून मोबाइल काढला, ॲप उघडलं आणि शाळेतलं पोर पाटी दाखवतं तसं टेबलावर ठेवलं. "हे बघा सायब, माज्याकडंच येत्यात." साहेब पडद्याकडं बघत राहिले, आणि म्हणाले, कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं. आपण काय दाखवून बसलो, ते अप्पांना तेव्हा कुठं उमगलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही. वर्गात उत्तर अडलं की शेजारच्याकडं पाहावं, तसं. मी बोलेन म्हणून ते थांबले. मी समोरच्या कागदावर तारीख लिहीत होतो. त्या दिवशीची तारीख, दोनदा लिहिली.

बाकीच्या सहा क्लार्कना कुणी काही विचारलंच नाही. अप्पांना कामावरून कमी केलं. सेवानिवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

आता जे सांगायचं ते. मघाशी मी नियमाचं म्हणालो. तो नियम सातही गावांना होता. पण त्या दिवशी मी फक्त युसूफ वडगावला गेलो. घाटनांदूर, धारूर, बाकीची सगळी — सहाच्या सहा खाती त्यानंतर महिनाभर माझ्याच मोबाइलवर होती. मला नियम पाळायचा असता तर सगळी बदलली असती ना? आदल्या संध्याकाळी मी सर्व्हरची नोंदवही उघडून पाहिली होती. तारखा बदललेली ती दुपार, आणि माझ्या मोबाइलवर आलेला तो अनोळखी फोन — वेळ अगदी जुळत होती. चार मिनिटांचा फरक. मला कळलं. त्यावेळी सगळं स्वच्छ कळलं होतं, तीच एक वेळ. मी मोबाइलमधून तो नंबर पुसला. एकदाही लावून पाहिला नाही. लावला असता तर चोर सापडला असता, आणि चोराला किल्ली कुणी दिली तेही. सकाळी उठलो, आंघोळ केली, गाडी काढली. अप्पांच्या मोबाइलवर ते ॲप मी त्यांच्यासाठी बसवलं नाही. त्यांच्यावर बसवलं. पेढा खाल्ला तो हे सगळं माहीत असताना खाल्ला.

चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लोक म्हणतात. फाशीचा दोर वळणाऱ्याबद्दल त्या म्हणीत काही नाही.

तुम्हाला वाटेल, झालं, एवढंच होतं. मलाही वाटायचं. पण मागच्या उन्हाळ्यात केजच्या स्टँडवर अप्पा भेटले. हातात पिशवी, कपाळाला भस्म तसंच, अंगानं मात्र निम्मे झालेले. मला चुकवता आलं नाही. त्यांनी आधी आईचा गुडघा विचारला. मग जरा बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "सायब, एक विचारू का? त्या दुपारी मी तुमाला फोन केलता का हो? मला आठवंना झालंय. लई डोकं खाजवलं. तुमी दुसऱ्या कुणाला आकडा देणार न्हाई, ही खात्री हाय मला. मग मीच घेतला असंल ना? आन् उघडं ठेवून चहाला गेलतो असंल, कुणीतरी येऊन बसलं असंल. तसंच झालं असंल ना?"

इतके दिवस हा माणूस त्या दुपारचा हिशेब लावत होता. त्याला एकच गोष्ट पक्की माहीत होती, की मी खोटा असू शकत नाही. तिला धरून त्यानं बाकीचं सगळं, स्वतःलासुद्धा, वाकवून बसवलं होतं.

मी काय बोलायला हवं होतं, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. स्टँडवर गर्दी होती, पण आमच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. कुणी मला धमकावलेलं नव्हतं. नोकरीही जाणार नव्हती, ते अधिकारी केव्हाच बदलून गेलेले. तरी मी म्हणालो, "हो अप्पा. तुमचाच फोन आला होता."

त्यांनी मान हलवली. दोन-तीनदा हलवली. चेहरा मोकळा झाला त्यांचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं. "मंग बरोबर हाय," म्हणाले, "चुकी माजीच." जीप लागली होती. मी त्यांची पिशवी वर दिली.

आता ते भावाच्या दुकानात बसतात. परवा युसूफ वडगावचा एक जण कामासाठी ऑफिसात आला होता. तो सांगत होता, अप्पा येईल त्याला सांगतात, की कारखान्याची काही चूक नव्हती, कॉम्प्युटरवाल्या सायबांची तर मुळीच नव्हती, मीच उघडं ठेवून चहाला गेलतो. त्या मेंढरंवाल्या म्हातारीच्या घरी जाऊन त्यांनी तिचे पाय धरले.

मी त्या माणसाला म्हणालो, "हो का?" आणि त्याचं काम करून दिलं.