कोंडवाडा मागणारा सुधाकर

"भाऊजी, तुमचा भांडणवाला गेला... या तुम्ही." मंदावहिनी फोनवर एवढंच बोलल्या. सकाळी चहाचा कप हातात असतानाच त्यांच्या नवऱ्याला, सुधाकरला, झटका आला आणि सगळं आटोपलं. मी ब्रह्मपुरीहून मिळेल ती जीप धरली. सावली तालुक्यातल्या त्याच्या गावापर्यंत पोचेस्तोवर मी काय करत होतो म्हणाल, तर त्याच्याशी भांडत होतो, मनातल्या मनात. माझा मुद्दा अजून संपला नव्हता आणि हा गडी मध्येच उठून गेला. आता महिना उलटून गेलाय, तरी माझं भांडण काही थांबलेलं नाही.

आम्ही कॉलेजात एका बाकावरचे. मी वकील झालो, ग्राहकांच्या तक्रारी लढवू लागलो. त्यानं गावात केबल टीव्ही आणला आणि पुढं त्याच खांबांवरून इंटरनेट. आमच्याकडे मोबाइलचा टॉवर असून नसल्यासारखा. त्यामुळं आसपासची गावं आणि जंगलातले टोले, म्हणजे वाड्या, यांचं इंटरनेट म्हणजे सुधाकर. रानडुकरानं वायर तोडली तरी लोक त्यालाच शिव्या घालायचे, आणि तोही शिव्या देत देतच ती जोडायला निघायचा. आवाज तर असा, की घरात बोलला तर बसस्टँडवरच्या माणसानं मान वळवावी.

आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. मी म्हणायचो, इंटरनेट देणाऱ्यांवर सरकारचा कायदा हवा. कोणाची लाइन दाबून हळू करायची नाही, कोणाची मुद्दाम पळवायची नाही, सांगितला तेवढा वेग द्यायचा. मोडला नियम, की भर दंड. सुधाकर उसळायचा. "अबे वकील, मोठ्या कंपनीकडे कागद भराले माणसं बसले आहेत. मी एकटा काय करू? कागद भरू का वायर ओढू? आन् सरकार आज नियम लावते, उद्या बटनच बंद करते. मंग तू कोनाले दंड मागशीन?"

बटणाचं त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, हे मी तेव्हाही मान्य करत होतो. पण मी विचारायचो, "तू चांगला आहेस म्हणून भागतंय. उद्या तू नसलास तर? लोकांनी काय तुझ्या स्वभावावर दावा लावायचा?" त्यावर तो वहिनींना हाक मारून चहा मागवायचा. उत्तर सापडलं नाही की चहा, हे ठरलेलंच.

मग तो शंकरपट झाला. बैलजोड्यांची शर्यत म्हणजे आमच्याकडे माणसं जेवण विसरतात. पुण्या-हैदराबादेत कामाला गेलेल्या पोरांनाही आपली जोडी पळताना दिसावी, म्हणून सुधाकरनं पट इंटरनेटवर थेट दाखवायचं ठरवलं. चित्र अडखळायला लागलं तसं त्यानं बाकी सगळ्या लाइनी दाबल्या आणि सारा जोर पटाकडे वळवला. चित्र झकास आलं. पोरांचे फोनवर फोन. गडी छाती काढून फिरत होता.

दुसऱ्या दिवशी टोल्यावरची सविता मडावी दारात उभी. नर्सिंग शिकलेली मुलगी. नागपूरच्या एका दवाखान्यात जागा निघाली होती आणि मुलाखत व्हिडिओवर होती, नेमकी पटाच्या वेळी. चित्र अटकलं, आवाज तुटला, त्यांनी पुढचं नाव पुकारलं. मी त्या दिवशी तिथंच होतो. पोरगी रडली नाही. म्हणाली, "भाऊ, तुमच्या बैलायनं माही बांधी चरून टाकली. धान पिकाच्या आतच गेला."

दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जनावर शिरलं तर काय करायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ते कोंडवाड्यात जातं आणि मालक दंड भरतो. बैल गुणी होता, चुकून शिरला, असलं काही तिथं चालत नाही. पुढच्या ग्रामसभेत हा पठ्ठ्या स्वतःहून उभा राहिला. "माहं जनावर सुटलं होतं. कोंडवाड्यात घाला." सभेनं घातलं. पुढच्या वर्षी पट दाखवायचा नाही. आणि इथून पुढं एकाची लाइन दाबून दुसऱ्याला द्यायची नाही, कोणासाठीच नाही. सविताला ती जागा काही परत मिळाली नाही. वर्षभरानं ती गडचिरोलीला लागली, पण ते वर्ष गेलं ते गेलंच.

मी काय सोडतो! त्याच संध्याकाळी म्हणालो, "शेवटी नियम लागलाच ना?"

"नियम लागला. सरकार कुठी लागलं?"

"ग्रामसभा सरकार नाही तर काय तुझी मावशी आहे?"

"सभेत मले सविताच्या डोळ्यात पाहा लागलं. दिल्लीवाला कोनाच्या डोळ्यात पाहीन?"

"आणि कोरपन्याकडच्या एखाद्या गावाला नेट देणारा नागपुरात बसला असेल, तर तो कोणाच्या डोळ्यात पाहील? त्याला कोणता कोंडवाडा?"

लगेच वहिनींना हाक गेली. चहा आला. माझं म्हणणं आजही तेच आहे. गावचा कोंडवाडा हवा आणि देशाचाही हवा. तो ऐकायला नाही म्हणून मी माघार घेणार नाही.

तर त्या दिवशी मी पोचलो तेव्हा सुधाकरला अंगणात ठेवलं होतं. त्याची एकुलती मुलगी प्रणाली बंगळुरात, दिवस भरत आलेले, डॉक्टरांनी प्रवासाला साफ मनाई केलेली. तिला बापाचं शेवटचं दर्शन फोनवरच घ्यायचं होतं. आणि नेमका त्याच दिवशी सरकारी केंद्रावर धान विकायच्या ऑनलाइन नोंदणीचा शेवटचा दिवस. सगळी गावं लाइनवर. चित्र क्षणभर हलायचं, पुन्हा थांबायचं. सुधाकरचा धाकटा भाऊ दिलीप म्हणाला, "वहिनी, बाकीच्या लाइनी थोड्या वेळ दाबतो. पोरगी बापाले पाहून घेईन." मी, जन्मभर नियमाची बाजू मांडलेला वकील, चटकन बोलून गेलो, "दाब रे, दहा मिनिटांनी काय होतं?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊजी, याच्यासाठी तुम्ही जिंदगीभर भांडले का त्यायच्यासंग?" मग दिलीपला म्हणाल्या, "हात नोको लावू. लोकायचा धान अडकून राहीन." आणि त्या हुंदके देत सुधाकरच्या पायाशी बसल्या. कोणीच हात लावला नाही. त्याला उचलून नेलं तेव्हाही फोनवरचं चित्र अटकलेलंच होतं. प्रणालीला माझा फार राग आलेला असणार, असंच मी धरून चाललो होतो. परतीच्या वाटेवर मला सुधाकर नाही, तीच पोर दिसत होती.

काही दिवसांनी तिचाच फोन आला. मुलगा झाला होता. मी चाचरत त्या दिवसाचा विषय काढला, माफी मागू लागलो.

"नाही काका," ती म्हणाली, "चित्र नेमकं बाबांच्या चेहऱ्यावर येऊन थांबलं होतं. तुम्ही सगळे त्यांना घेऊन निघून गेलात... माझ्याकडे ते बराच वेळ अंगणातच होते."