डाव्या कानाने ऐकणारा

आधीच सांगते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नाही. चिंचवडला आमच्या कॉलनीच्या चौकात लोक उतरवलेली लिंबं टाकायचे. त्यातलं एक टपोरं बघून मी घरी नेलं होतं आणि सरबत करून प्यायले होते. आईने बदडलं, बाकी काही झालं नाही. तेव्हा हे लिहितेय ते कोणाला घाबरवायला नाही. घाबरण्यासारखं ह्यात फारसं नाहीच... लाज वाटण्यासारखं मात्र भरपूर आहे. म्हणूनच स्वतःचं नाव देत नाही.

मी सिंगापूरला पुंगोलमध्ये राहते, चौदाव्या मजल्यावर, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. आयटीत आहे. दोन वर्षांपूर्वी डॅरेल भेटला. अमेरिकेतल्या ॲरिझोनाचा, तिथल्या मूळच्या नवाहो लोकांपैकी. इथे पाणी शुद्ध करण्यावर संशोधन करतो. कमी बोलणारा, आणि हसला की डोळे पार मिटणारा. लहानपणी तापात त्याचा डावा कान गेला, त्यामुळे चालताना, बसताना मी कायम त्याच्या उजव्या बाजूला.

नवाहो लोकांत रूप बदलणाऱ्याची एक समजूत आहे. इंटरनेटवर त्याला स्किनवॉकर म्हणतात. डॅरेल त्याचं नावही घ्यायचा नाही, मी खोदून विचारलं की विषय बदलायचा. एकदाच बोलला. ईस्ट कोस्टला समुद्रकिनारी सायकली टेकवून बसलो होतो तेव्हा. "आमच्या घराण्यामागे एक लागलंय," म्हणाला. "आधी कुत्र्याच्या रूपात यायचं. मग काकाच्या. कधी माझ्या रूपात आलं तर तोंडावर सांग — मी तुला ओळखलंय. एवढ्याने जातं." मी हसून "बरं" म्हटलं. तो हसला नाही.

गेल्या मे महिन्यात आई-बाबा तीन आठवड्यांसाठी आले. सिंगापूर बघायला कमी, डॅरेलला बघायला जास्त. लग्नाला आई जवळजवळ तयार होती, घोडं बाबांपाशी अडलं होतं. "भेटतो, मग बघू," एवढंच म्हणत. त्यात घशाच्या ऑपरेशननंतर बाबांचा आवाज अगदी बारीक झालाय. कोणी "काय?" म्हणून परत विचारलं की त्यांना लागतं, मग ते बोलतच नाहीत. आणि मी निवडलेला माणूस अर्धा बहिरा. माझी काय अवस्था असेल बघा.

ते यायच्या आदल्या दिवशी डॅरेलला घरून फोन आला. ज्या मावशीने त्याला वाढवलं ती अत्यवस्थ होती. मिळेल त्या विमानाने तो गेला. मी धीर द्यायचा सोडून त्याला मेसेज टाकला, "तू ह्या आठवड्यात इथे असायला हवा होतास."

शनिवारी दुपारी चारला बेल वाजली. आईने दार उघडलं. दारात डॅरेल. त्याने बूट बाहेर काढले, वाकून नमस्कार केला. समोरच्या आंटींचा म्हातारा पूडल कुत्रा एरवी त्याच्या पायांत घोटाळतो. त्या दिवशी तो आपल्याच दाराशी अंग चोरून उभा राहिला आणि तिथेच मुतला. माझं तिकडे लक्ष होतं कुठे? मला वाटलं, मला सरप्राइज द्यायला परत आला. दोन मिनिटं मी फार खूश होते.

मग तो सोफ्यावर बसला, आणि बाबा नेमके त्याच्या डावीकडे बसले. डोक्यावर पंखा घरघरत होता. बाबांनी त्या बारीक आवाजात इंग्रजीतून विचारलं, "तुमच्याकडे काय पिकतं?"

"मका, अंकल. पण पाणी कमी झालंय," तो म्हणाला. मान वळवली नाही, "काय?" म्हटलं नाही. पुढचा प्रश्न, लगेच पुढचं उत्तर.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं.

मी चहाचं निमित्त करून किचनमध्ये गेले. तो मागोमाग आला. 'मी तुला ओळखलंय' हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात बाहेरून बाबांचं हसणं ऐकू आलं. आईला सांगत होते, "अगं, मुलगा नीट ऐकून घेतो." ऑपरेशननंतर त्यांना इतकं मोकळं बोलताना मी पाहिलंच नव्हतं. आणि ओट्यावरचा माझा फोन वाजला. स्क्रीनवर डॅरेल. समोरही डॅरेल.

मी फोन कट केला. परत वाजला. परत कट केला आणि बंदच करून टाकला.

"थांब थोडा वेळ," मी समोरच्याला म्हटलं. "बाबांशी बोलून घे."

"तू म्हणशील तेवढा वेळ," तो म्हणाला आणि हसला. डोळे उघडेच होते.

सहापर्यंत तो बसला. पोहे खाल्ले. माझा हात हातात घेतला, आणि मला ते आवडलं... हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. तो गेल्यावर बाबा म्हणाले, "आमची काही हरकत नाही गं."

मग मी फोन चालू केला. मेसेज होता — "मावशी गेली. तुझा आवाज ऐकायचा होता." त्याने फोन केला तेव्हा तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती. बाबांना डॉक्टरकडे नेलं होतं, अशी थाप मी मारली.

डॅरेल महिन्याभराने परतला. तोवर आई-बाबा चिंचवडला गेले होते. रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला. "त्या शनिवारी म्हणालास तसं मक्याचं बी आणलंस का?" त्यांनी विचारलं.

डॅरेलने उजवा कान पुढे केला. "सॉरी, अंकल?"

बाबांनी परत सांगितलं. ह्याने परत विचारलं. बाबांचा चेहरा उतरला. "नेटवर्क खराब दिसतंय," म्हणाले आणि फोन ठेवला.

"कुठला शनिवार?" डॅरेलने मला विचारलं.

मी सगळं सांगितलं. ते आलं होतं ह्याचं त्याला नवल वाटलं नाही. त्याने एवढंच विचारलं, "माझा फोन आला तेव्हा तुला कळलेलं होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबा हसत होते," मी म्हटलं.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्याकडे असलेले आपले कपडे, पुस्तकं बॅगेत भरली. आता लांब वुडलँड्सला खोली घेऊन राहतो. माझ्या मेसेजना उत्तर देतो, नीट देतो, पण भेटत नाही.

त्याचे बोर्डिंग पास मी स्वतः पाहिलेत, तो त्या शनिवारी अमेरिकेतच होता. आईने काढलेला फोटोही आहे, आणि त्यात दिसतो तो हुबेहूब डॅरेल. मैत्रीण म्हणते, स्ट्रेसमुळे भास झाला असेल. मग तोच भास आई-बाबांनाही झाला का? पोहे कोणी खाल्ले? मला खरंच माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर सांगा.

बाबांना मी अजून काही सांगितलेलं नाही. दर रविवारी ते विचारतात, "त्याला घेऊन कधी येतेस?" मी "सांगते" म्हणते. आणि ते विचारतात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी जो येतो, तो डॅरेल नसतो.