मिस इसिल्डाचा सत्कार

विलायतेतल्या हँड्सवर्थमध्ये मिस इसिल्डा ब्रॅमवेल समोरून येताना दिसल्या की भली भली माणसं रस्ता ओलांडत. बाई भांडकुदळ होत्या अशातला भाग नाही. त्यांच्या काखेतल्या पिशवीत मतदार नोंदणीचे अर्ज असत, आणि एकदा तावडीत सापडलेला माणूस सही केल्याशिवाय सुटत नसे.

तीस वर्षं त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं. निवृत्त झाल्या त्याच महिन्यात वस्तीतल्या चार जणांनी 'आपलं मत' ही संस्था काढली. जमैकाहून, पंजाबातून, कुठून कुठून आलेली आपली माणसं यादीत यावीत, निवडणुकीला उभी राहावीत, एवढाच हेतू. इसिल्डाबाई दुसऱ्या दिवसापासून अर्ज घेऊन बाहेर पडल्या. न्हाव्याच्या दुकानात त्या अर्धं डोकं भादरलेलं गिऱ्हाईक गाठत, कारण तसा माणूस पळून जात नाही. एका मयताला गेल्या आणि सहा नोंदी करून आल्या. पाद्री रागावले तेव्हा म्हणाल्या, "एक नाव कमी झालं, ते भरून नको काढायला?"

संस्थेला वीस वर्षं झाली. समारंभ ठरला, इसिल्डाबाईंचा सत्कारही ठरला. आदल्या दिवशी संस्थेची नवी संचालिका केझाया घरी आली.

"आंटी, उद्या ती पिशवी आणू नका. जेवायचं, फोटो काढायचा, मिरवायचं. पाहुण्यांच्या मागे लागायचं नाही. शब्द द्या."

"पिशवी आणणार नाही," इसिल्डाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये त्या जांभळी, पिसांची, घमेल्याएवढी टोपी घालून आल्या. एका बाजूला त्यांची संस्थेच्या कामातली जुनी जोडीदारीण गुरमेज कौर, दुसऱ्या बाजूला प्रमुख पाहुणे, निवृत्त न्यायाधीश ऑब्री लिंडो. लहानपणी त्यांना इसिल्डाबाईंनीच शाळेत वाढलेलं. बकऱ्याचा रस्सा-भात आला. दोन घास झाले नाहीत तोच बाईंनी विचारलं,

"ऑब्री, तू घर बदललंस म्हणे?"

"हो मिस इसिल्डा, मार्चमध्ये."

"मग नव्या पत्त्यावर नाव घातलंस?"

न्यायाधीशांचा काटा हवेतच राहिला. "ते करायचंय."

"करायचंय, करायचंय म्हणत एकाची बारा वर्षं गेली. शेवटी तोच वर गेला."

"इसिल्डा, तू शब्द दिलायस," गुरमेज कौर कुजबुजली.

"पिशवीचा दिलाय," असं म्हणून इसिल्डाबाईंनी टोपी काढली. आत घडी घातलेले नऊ अर्ज होते.

न्यायाधीश मुकाट्याने लिहू लागले. अर्जात मागितलेला सरकारी विम्याचा क्रमांक आठवेना म्हणून त्यांनी घरी बायकोला फोन लावला. क्रमांक मिळाला, आणि पाठोपाठ पलीकडून विचारणा झाली, "आणि माझं नाव कोण घालणार?" इसिल्डाबाईंनी दुसरा अर्ज त्यांच्या खिशात खोचला.

भाषणाला उभे राहिल्यावर न्यायाधीशांनी लिहून आणलेले कागद बाजूला ठेवले. "लोकशाहीवर चांगली चार पानं आणली होती," ते म्हणाले, "पण दहा मिनिटांपूर्वी कळलं की मी स्वतःच यादीत नाही." हॉल हसून हसून लोळला. हसू ओसरल्यावर इसिल्डाबाई जागेवरूनच म्हणाल्या, "हसताय काय? आणखी कोणी घर बदललंय ते बघू."

मग एक हात वर आला, मग दोन. एकूण अकरा. अकरावा केझायाचा होता, खांद्याच्या वर फारसा न गेलेला.

"नवी खोली घेतलीय, आंटी," ती खाली बघत म्हणाली. "कामाच्या गडबडीत राहून गेलं."

"राहतंच," इसिल्डाबाई म्हणाल्या. "म्हणून तर मी हिंडते."

अर्ज आता सातच उरले होते. गुरमेज कौरने कोणाकडेही न बघता आपल्या ओढणीखालून आणखी दहा काढले. तिच्याकडून कोणी शब्द घेतलाच नव्हता.

मानाची लाकडी ढाल द्यायला न्यायाधीश आले, पण फोटोला कोणी सापडेना. सगळे पेनासाठी रांगेत होते. टेबलांवर रस्सा सांडलेला, त्यामुळे लिहायला कोरडी जागा नव्हती. इसिल्डाबाईंनी ढाल घेतली, पालथी करून मांडीवर ठेवली, तिच्यावर अर्ज टेकवला आणि केझायाला म्हणाल्या, "बस इथे. आडनावापासून सुरू कर, आणि अक्षर नीट काढ."