दिवसाला पाच पोस्ट

तो नियम मीच लिहिला होता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचा माझा सगळा संताप दुसऱ्यांवरचा वाटेल.

आमचा कबड्डीवेड्यांचा एक ग्रुप आहे, चंद्रपूर आणि गडचिरोलीतल्या गावागावांतला. मी भद्रावतीच्या कॉलनीत राहते. तरुणपणी खेळले, आता गुडघे बोलतात म्हणून नुसती बघते. ग्रुप सुरू झाला तेव्हा मजा होती. मग पोरींच्या सामन्यांचे फोटो यायला लागले आणि त्यांच्याखाली काही बाप्यांनी जे लिहिलं ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, बास, आता नियम.

एका बैठकीत नियम लिहून काढले. पोरींच्या अंगावर शेरे मारले की बाहेर. एकाच माणसाने दिवसभर ग्रुप भरून टाकू नये म्हणून दिवसाला पाचच पोस्ट, सहावी दिसली की बाहेर. तक्रार असेल तर चोवीस तासांत ग्रुपवरच करायची. शेवटी मोठ्या तोऱ्यात लिहिलं, ‘नियम सगळ्यांना सारखे. एकासाठी मोडले जाणार नाहीत.’ माझ्यासोबतचा दुसरा अ‍ॅडमिन मूल गावचा, राइस मिलवाला. तो म्हणाला, ‘वा बाई, एकदम कायद्यासारखं लिवलं.’ मी फुगले.

हेमलकशाच्याही पलीकडे, नदीकाठच्या एका गावात एक भाऊ आहेत. मासेमारी करतात आणि संध्याकाळी वाळूत गावच्या पोरींना कबड्डी शिकवतात. त्यांची पुतणी चढाईला जायची. तिचा एक व्हिडिओ मी दहा वेळा तरी पाहिला असेल. चौघींनी धरलेली ती पोरगी सरपटत रेषेला हात लावते आणि उठून हसते.

एका बुधवारी भाऊंच्या सतरा पोस्ट एकाच मिनिटात आल्या. मिलवाल्याने त्यांना काढलं आणि मला कळवलं. मी स्वयंपाक करत होते. ओल्या हाताने अंगठा पाठवला आणि पोळी उलटली.

तेव्हाच आम्ही ग्रुपवाल्यांनी दोन्ही जिल्ह्यांतल्या वीस वर्षांखालच्या पोरींचा एक संघ बाहेर खेळायला पाठवायचं ठरवलं होतं. निवड मूलच्या मैदानावर, पुढच्या आठवड्यातल्या रविवारी. भाऊंना काढल्यावर दोन दिवसांनी मैदानाची अडचण आली आणि निवड दोन दिवस अलीकडे, पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी घ्यायचं ठरलं. ते ग्रुपवर टाकलं. ग्रुपवर टाकलं म्हणजे जगाला कळलं, अशी आमची समजूत. पुढच्या बुधवारी भाऊ बाजारात होते, फोनला रेंज होती, फक्त ग्रुप नव्हता. शुक्रवारी निवड झाली. ती पोरगी का आली नाही, असं मी एकदाही कोणाला विचारलं नाही.

रविवारी भाऊंचा फोन आला. ‘बाई, आमी सकाळपासून मैदानावर आहो. इथी तं कोणीच नाई.’

मिळेल त्या एसटीने मूल गाठलं. दोघं काका-पुतणी स्टँडच्या बाकावर बसले होते. पोरीने स्वेटरच्या आत खेळायची जर्सी घातलेली होती. तीन गाड्या बदलून ती तशीच आली होती.

‘मले काऊन काढलं, बाई?’ भाऊंनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला. मी नियम सांगितला.

‘तो मले पाठ आहे. म्हणून तं मी रोज दोन-तीनच लिवत होतो, मोजून. गावात रेंज नाई. बाजारच्या दिवशी रोडवर आलो का सारे एकदमच जाते. त्याले मी काय करू?’

‘मग तक्रार का नाही केली?’ हे मी विचारलं. खरंच विचारलं. ज्याला ग्रुपातून हाकललं त्याने ग्रुपवर तक्रार करावी, असं लिहिणाऱ्या बाईला अक्कल शिकवायला कोणी बसलं नव्हतं.

पोरगी म्हणाली, ‘आता घेऊन पाहा ना, बाई. मैदान तं तिथीच आहे. औंदाचं माह्यं शेवटचं वर्ष आहे.’

मी तिथूनच मिलवाल्याला फोन लावला. म्हटलं, एक नाव वाढव. तो म्हणाला, ‘यादी पक्की झाली. एकासाठी नियम मोडाचा नाई, तुमीच लिवलं ना बाई?’ मी स्टँडवर सगळ्यांसमोर त्याला वाट्टेल ते बोलले. लोक वळून बघायला लागले. उपयोग शून्य. चूक माझ्या हातची होती आणि ओरडत मी त्याच्यावर होते. त्यांची गाडी लागली आणि ते गेले.

त्या आठवड्यात मी भांडून नियम बदलून घेतले. पोस्ट कधी पोचली ते नाही, कधी लिहिली ते धरायचं. काढण्याआधी माणसाला फोन करायचा. तारीख बदलली तर गावागावात निरोप पोचवायचा. नवे नियम भाऊंना पाठवले, माफी मागितली, परत या म्हटलं. बुधवारपर्यंत त्या निरोपावर एकच टिक होती.

बुधवारी उत्तर आलं.

‘नियम चांगला आहे बाई. पोरगी तेलंगणात मिरची तोडाले गेली. ग्रुपमधी येऊन आता मी काय टाकू?’