एक गेला, आता कोण?

फोटोतून माणसाचं डोकं कापून काढायला मला चार मिनिटं लागतात. केस कुरळे असतील तर सहा. मीरा रोडला माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे आणि गेली अठरा वर्षं मी हेच करतोय. वाढदिवस, दहीहंडी, दहावीतले गुणवंत, भावी नगरसेवक, भावपूर्ण श्रद्धांजली. कोणाचं डोकं मोठं घ्यायचं, कोणाला पांढरा सदरा चढवायचा, कोणाच्या डोळ्यांखालचं काळं पुसायचं, हे गिऱ्हाईक सांगतं आणि मी करतो. काम झालं की चेहरा विसरतो. सगळे लक्षात ठेवले असते तर वेडाच झालो असतो, असं मी बायकोला सांगायचो. हल्ली सांगत नाही.

दुसरा नाद फुटबॉलचा. आमच्या कॉम्प्लेक्सचा एक संघ आहे. मागच्या मैदानावर रविवारी सामने होतात आणि एका गोलपोस्टच्या मागे सिमेंटच्या पायऱ्या आहेत. तिथे आम्ही दहा-बारा जण बसतो. सगळे पन्नाशीच्या आसपासचे, पळायला सांगितलं तर रिक्षा शोधणारे. पण ओरडण्यात कोणाला हार जाणार नाही. घोषणा मी तयार करतो. चार शब्दांत माणसाला आभाळात बसवणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे ते काम आपोआपच माझ्याकडे आलं.

चार वर्षांपूर्वी आमचा गोलकीपर नोकरीसाठी दुबईला गेला आणि आमच्या प्रशिक्षकांनी नवा आणला. प्रशिक्षक म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले एक शांत गृहस्थ. नवा मुलगा अठ्ठावीस-एकोणतीसचा, उंच, खांद्यात थोडा वाकलेला. दोन दिवसांत सगळ्यांना सगळं कळलं. एकोणिसाव्या वर्षी काशीमीऱ्याच्या एका गॅरेजमध्ये तो कामाला होता. बरोबरच्या मुलाशी भांडण झालं, हातात चाकं खोलायचा पाना होता, एकच घाव बसला. तो मुलगा तिसऱ्या दिवशी गेला. याने सात वर्षं तुरुंगात काढली. आत व्हॉलीबॉल खेळायचा म्हणे, म्हणून हात असे तयार.

प्रशिक्षकांनी आम्हाला पायऱ्यांवर येऊन सांगितलं. "त्याची एकच अट आहे. शिव्या द्या, काही करा, तो खेळेल. पण त्याचा फोटो कुठेही लावायचा नाही. लागला तर त्या दिवसापासून खेळणं बंद, असं त्याने मला सांगितलंय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही विशेष लक्षात ठेवा."

मी मान डोलावली. खरं तर तेव्हा मला त्याचा फोटो नको होता आणि तोही नको होता. पहिल्या सामन्यात सगळ्यात आधी ओरडलो तो मीच. तो आमच्याकडे पाठ करून उभा होता, दहा हातांवर. "जाळी बघून घरची आठवण येते का रे?" असं मी त्याच्या पाठीला विचारलं. पायऱ्या हसल्या. माझ्या शेजारी बसणारा हार्डवेअरवाला गुजराती शेठ म्हणाला, "अरे, बच्चे देखते हैं, निकालो इसको." सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'अशा व्यक्तीमुळे मुलांवर काय संस्कार होतील' यावर भरपूर चर्चा झाली. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

चौथ्या रविवारी त्याने पेनल्टी अडवली. डावीकडे झेपावला आणि बोटांच्या टोकांनी चेंडू खांबावर घातला. शेठ उठून नाचायला लागला. मी माझ्या मुलाच्या लग्नातसुद्धा इतका नाचलो नव्हतो. आमचे संस्कार तेवढ्यावर आटोपले. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय? कार्ट्याचा बाब्या व्हायला एक पेनल्टी पुरली.

इथवर झालं असतं तरी चाललं असतं. पण मला चार शब्द सुचले. पुढच्या सामन्यात समोरच्या संघाचा एक जण पेनल्टी मारायला चेंडू ठेवत होता. त्याला घाबरवावं म्हणून मी ओरडलो, "एक गेला, आता कोण?" शेठने लगेच उचललं. मग कडेला उभ्या असलेल्या पोरांनी उचललं, त्यांच्यातल्या ढोलवाल्याने ठेका धरला. ठेका छान बसला. त्या खेळाडूने चेंडू बारवरून आभाळात मारला. आमच्या गोलकीपरने खून केलाय हे आम्ही आता शरमेने सांगत नव्हतो, मिरवत होतो. जणू तो त्याने आमच्या संघासाठीच केला होता.

त्या घोषणेच्या वेळी त्याचे खांदे आणखी वाकायचे. मी ते पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं म्हणणं सोपं आहे, पण दहा हातांवरून दिसतं.

एकदा डोंगरी गावाच्या संघाशी सामना होता. त्यांचे लोक बसने आले होते आणि जागा नव्हती म्हणून त्यांच्यातला एक म्हातारा आमच्या पायऱ्यांवर बसला. सामना संपल्यावर तो मला म्हणाला, "पोऱ्या बरा हाय तुमचा. पन तुमी वरडता ता बरा न्हाय." मी म्हटलं, "काका, हरलात म्हणून लागतंय." तो काठी घेऊन उतरला. आमचे लोक माझ्या उत्तरावर खूश झाले. मीही झालो.

मागच्या वर्षी आम्ही पहिल्यांदा स्पर्धा जिंकलो. अंतिम सामना पेनल्टीवर गेला आणि त्याने दोन अडवल्या. दुसरी अडवल्यावर गुडघ्यांवर बसून तो हसला. तीन वर्षांत पहिल्यांदा. शेठच्या मुलाने ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं.

आमच्याकडे काहीही झालं तरी फ्लेक्स लागतो. कार्य बारशाचं असो की बाराव्याचं, चौकात लागल्याशिवाय ते झाल्यासारखं वाटत नाही. स्पर्धा जिंकली आणि फ्लेक्स नाही, हे कोणाच्या गळी उतरणार? पोरं दुकानात आली. अकरा खेळाडू, प्रशिक्षक, वर दोन पुढारी. मी म्हटलं, गोलकीपरची अट आहे. पोरं म्हणाली, "काका, तेव्हा त्याला लाज वाटत असेल. आता हीरो आहे तो. सरप्राइज देऊ." मला पटलं, हे मी कबूल करतो. माणसाला स्वतःचा फोटो चौकात नको असतो, हे अठरा वर्षांत मी एकदाही ऐकलं नव्हतं. वर लाजतात आणि आत डोकं मोठं करून मागतात, असाच माझा अनुभव. मी व्हिडिओतून त्याचा तो हसरा चेहरा काढला, सहा मिनिटं लागली, आणि मधोमध सगळ्यांत मोठा लावला. खाली लाल अक्षरांत पोरांच्या आग्रहाने आणि माझ्या हौसेने लिहिलं, "एक गेला, आता कोण?"

लावायचा कुठे, हेही मीच सांगितलं. काशीमीरा नाक्यावर बस वळते तिथे एक खांब आहे. उभ्या बसमधून, रिक्षातून, ट्रकमधून, सगळीकडून दिसतो. माझी नेहमीची जागा.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला तो दुकानात आला. बगलेत फ्लेक्सची गुंडाळी होती, दोऱ्या दाताने तोडल्यासारख्या लोंबत होत्या. त्याने गुंडाळी काउंटरवर ठेवली.

"फोटो नको म्हटलं होतं ना, काका."

मी म्हटलं, "अरे, प्रेमाने लावला."

तो म्हणाला, "सुटल्यावर मी गॅरेजमधल्या त्या मुलाच्या आईकडे गेलो होतो. पाया पडलो. ती म्हणाली, कुठेही जा, काहीही कर, फक्त तुझं तोंड मला दिसू देऊ नकोस. तेवढंच मागितलं तिने. ती नाक्यावरच्या हॉटेलात भाकऱ्या करायला जाते. सकाळी सातला त्याच खांबाजवळ बसमधून उतरते." मग म्हणाला, "सुटल्यापासून मी नाका टाळून मागून फिरून जातोय, काका."

त्याने माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं. तो नमस्कार करून गेला आणि त्यानंतर मैदानावर आला नाही. प्रशिक्षक तो काम करायचा त्या गोदामात दोनदा जाऊन आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो स्वतःच्या आईला घेऊन गावी, रायगडला गेल्याचं कळलं.

पायऱ्यांवर मी खरं कारण सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फ्लेक्सचा विषय माझ्याच गळ्यात आला असता. मग लोकांनी आपापली कारणं शोधली. डोक्यात हवा गेली. दुसऱ्या संघाने फोडला. पुढची स्पर्धा आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो, तेव्हा शेठ म्हणाला, "मैं तो पहले से बोलता था. ऐसे लोगों का क्या भरोसा?" सगळ्यांनी माना हलवल्या. बाब्याचं पुन्हा कार्टं झालं. मी गप्प बसून शेंगा खात होतो.

ती दुकानात आली ती दिवाळीच्या आधी, दुपारी. पंचावन्नच्या पुढची बाई, हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिने घडी घातलेला फ्लेक्स काढून काउंटरवर उलगडला. भावपूर्ण श्रद्धांजली. आतल्या चेहऱ्याचा रंग उडून नुसता पांढरट डाग राहिला होता. नावावरून घडी गेली होती आणि तिथली अक्षरं सोलून निघाली होती. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात माझ्या दुकानाचं नाव मात्र शाबूत होतं.

"भाऊ, हा तुम्हीच छापला होता," ती म्हणाली. "नाक्यावर लावला होता, त्याच खांबाला. तेरा दिवस होता. घरात दुसरा फोटो नाही. मोबाइल होता तो पाण्यात गेला. याच्यावरून नवा काढून द्या."

त्याच खांबाला, या शब्दांनी मला सगळं समजलं. तरी हात सवयीने की-बोर्डवर गेले आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो तसं मी विचारलं, "नाव काय, ताई?"

ती म्हणाली, "इतके दिवस ओरडताय. नाव माहीत नाही?"

मी मान खाली घातली. ती म्हणाली, "मला वाचता येतं, भाऊ. त्याचा फोटो मोठा होता, तो पाहून मी मान फिरवली असती. पण खाली लिहिलं होतं. तो एक माझा होता." आवाज चढवला नाही तिने. "तो खेळतो हे मला हॉटेलातल्या पोरांनी सांगितलं होतं. खेळू दे म्हटलं. त्याला मी खेळायला बंदी केली नव्हती."

तिने नाव सांगितलं. मी टाइप केलं. हे नाव मी एकदा लाल अक्षरांत, हातभर मोठं लिहिलं होतं, शुद्धलेखन तपासून. मशीनने सांगितलं की या नावाची फाइल नाही. दोन वर्षांपूर्वी जागा भरली म्हणून मी जुन्या श्रद्धांजल्या एकगठ्ठा पुसल्या होत्या. वाढदिवस ठेवले होते, कारण ते दरवर्षी परत येतात.

"नाही?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "पण मी हाताने करतो. तुम्ही सांगा, डोळे कसे होते, केस कसे होते. मी बसवतो."

"दुसऱ्या कोणाचे डोळे लावाल," ती म्हणाली. फ्लेक्सची घडी पुन्हा जुन्या रेषांवर घातली, पिशवीत ठेवली आणि पायरी उतरून गेली. मी तिला थांबवलं नाही. माफी मागायची राहून गेली असं नाही, मला मागायचं धैर्य झालं नाही.

रायगडला त्याला निरोप द्यावा, की तिने तुला खेळायला बंदी केलेली नाही, असं मी ठरवलं. प्रशिक्षकांकडे गावाचा पत्ता विचारला. त्यांच्याकडे नव्हता.

मी अजून रविवारी पायऱ्यांवर जातो. नवा गोलकीपर कॉलेजातला आहे, घाबरट आहे, केस मात्र छान ठेवतो. मागच्या आठवड्यात समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. ढोलवाल्याने ठेका धरला आणि सगळ्या पायऱ्या उठल्या, "एक गेला, आता कोण?" आता ती घोषणा कोणाबद्दल आहे हे अर्ध्या पोरांना ठाऊकही नाही. ठेका चांगला आहे म्हणून ती राहिली. शेठने मला कोपराने ढोसलं, "क्या भाई, आवाज नहीं?" त्या एकाचं नाव तिथे फक्त मला माहीत होतं. मी ते घेतलं नाही. सगळ्यांबरोबर उभा राहिलो आणि ओठ हलवले.