हादगा खाणारा

बारामतीहून इंदापूरला निघालेल्या यष्टीत तो माझ्या शेजारी बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाण्याची अशी धार लागली, की तिच्यावर एकरभर ऊस भिजला असता. अख्ख्या गाडीला वाटलं, ह्याच्या घरातलं कुणीतरी गेलंय. दोन बायकांनी तर कोण गेलं ते न विचारताच गळा काढला.

"गप बसा की गं बायांनो!" तो खेकसला. "मी रडत न्हाय. ते औषध रडतंय."

मुंबईच्या इस्पितळात मानेवरच्या गाठीसाठी त्याला सुया टोचत होते. गाठ विरघळत होती, पण डोळ्यांची आग व्हायची. डोळे टिकले तरच पुढच्या सुया, असं डॉक्टरनं बजावलं होतं. लगेच कुणी डोळ्यात मध घाला म्हणालं, कुणी कांद्याचा रस.

"डोळ्यात काय बी न्हाय. नजरेला हादगा, त्यो बी पोटात!" म्हणत त्यानं उपरण्यातून हादग्याची फुलं काढली आणि शेळी लाजेल अशी कचाकचा खाल्ली. मग एक डोळा तळव्यानं झाकून खिडकीबाहेर बघत तो ओरडायचा, "त्यो बैल डाव्या पायानं लंगडतोय!" आम्हाला बैल सोडा, धुळीत रानसुद्धा दिसत नव्हतं.

त्याच्या गावाच्या फाट्यावर तो उतरला. त्याची कारभारीण रस्त्यापलीकडं उभी होती. तिथूनच तिनं बोटं वर केली.

"तीन," एक डोळा झाकून तो म्हणाला. "आन हिरवी बांगडी एक कमी हाय. कुठं फोडलीस?"

ती हसत हसत रस्त्यातच खाली बसली.

"म्हशीनं फोडली. जावा आता, घ्या पुढची सुई!"