चुन्याच्या रानातला हात

दुष्काळाच्या साली आमची जनावरं छावणीला गेली आणि रिकाम्या गोठ्यात मला ठेवलं. कळंबच्या डॉक्टरांनी माझ्या मनगटावरच्या चट्ट्याला महारोग म्हटलं होतं. गोळ्यांनी बरा होतो, असंही म्हणाले होते, पण घरच्यांनी पहिलं तेवढंच ऐकलं. ताट वेगळं, पाण्याचं मडकं वेगळं. तेही सोसलं असतं. पण माझी लेक शालन, एवढीशी पोर, अंगणाच्या त्या टोकाला उभी राहून माझ्याशी बोलायची. सासूबाईंनी तिला तसं शिकवलं होतं. येरमाळ्याच्या येडाईदेवीवर माझा राग होता, तो लपवत नाही.

तरी चैत्रात येरमाळ्याला गेले. पालखीच्या दिवशी तिथल्या रानात माणसं चुनखडीचे खडे वेचून एका ढिगावर टाकतात आणि त्याच चुन्यानं येडाईचं देऊळ रंगवतात. मीही खडे वेचले, पण कुणी ओळखलं तर, या भीतीनं बांधावरच उभी राहिले.

एक अनोळखी म्हातारी जवळ आली. "का गं माय, टाकायचं न्हाय व्हय?"

"मला महारोग हाय. तुमी लांब व्हा."

तिनं आपल्या खड्यांचा पदर माझ्यापुढे पसरला. "मग हितं टाक. आन् हात दे, ढेकळातनं मला चालवंना."

आमचे खडे एकत्र झाले. तिनं माझं मनगट घट्ट धरलं, नेमकं चट्ट्यावर. तिथं मला स्पर्श कळत नसे. कितीतरी महिन्यांनी कुणी माझा हात धरला होता आणि ते मला नुसतं दिसलं, जाणवलं नाही. ढिगापर्यंत मी रडतच गेले. खडे टाकून वळले तर म्हातारी गर्दीत कुठे गेली कळलं नाही. गाव विचारायचंही राहिलं. ती कोण होती, यावर मी वाद घालत नाही.

पुढे गोळ्यांनी मी बरी झाले, घरात आले. शालनला येरमाळ्याला नेलं, तर ओंजळभर खडे घेऊन ती माझ्यापुढे थबकली. मी हात पुढे केला नाही, पदर पसरला. तिनं बोट न लावता वरून खडे सोडले.

आता ती लेकुरवाळी आहे. माहेरी येते, जीव लावते, पण अजून जरा अंतर राखूनच बसते. तिचा काय दोष? तिचं लहानपण माझ्या मांडीवर गेलं नाही, ही हळहळ माझ्याबरोबरच जाईल. देवीकडे मी ते परत मागत नाही. देईल ते घेते. शालनची धाकटी पोर मात्र आल्या आल्या माझं मनगट धरून ओढते. चट्ट्याला अजूनही काही कळत नाही. मी डोळ्यांनी बघून घेते आणि मनातल्या मनात येडाईच्या पाया पडते.